जुन्या विंचेस्टरवर दुर्बीण बसवावी का?

मूळ मत
विंचेस्टर या अमेरिकी कंपनीच्या १८९४ च्या मॉडेलची जुनी शिकारी रायफल घेऊन तिच्यावर नेम धरण्याची दुर्बीण चढवावी, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो; माझ्या मते तो त्या रायफलीच्या रचनेच्याच मुळावर उठणारा आहे. बंदुकांचे रचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी तिचा आराखडा केला तो नेम धरताना मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी (छोटा उंचवटा) जुळवणाऱ्या डोळ्यासाठी, म्हणूनच दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाची, वरची कड इतकी उतरती आहे की गाल टेकताच नजर थेट खाचेतून जाते. दुर्बीण लावली की मान उंच करावी लागते आणि गालाचा आधार सुटतो. शिवाय रिकामे काडतूस वरच्या बाजूने उडत असल्याने दुर्बीण एका कडेला सरकवावी लागते, आणि मधोमध मुठीत धरून एका हाताने रायफल नेण्याची सोयही जाते. दाट रानात, जिथे हरीण पन्नास-साठ पावलांवर क्षणभरच दिसते, तिथे तिला काहीही जोडण्याची गरज नाही.

प्रतिसाद १
दस्त्याचा मुद्दा बिनतोड आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. खाच, माशी आणि जनावर ही तिन्ही डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. चाळिशीनंतर खाच धूसर होते आणि सांजवेळी काळी माशी हरणाच्या अंगावर हरवते. जनावर जखमी होऊन रानात तडफडत मरण्यापेक्षा रायफलीचे रूप बिघडलेले परवडले. पन्नास पावलांची मर्यादाही गुण म्हणून मिरवू नये. काडतुसे साठवणाऱ्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडातील दारू पेटवणाऱ्या टोपीला टेकते, त्यामुळे धक्क्याने स्फोट होऊ नये म्हणून सहसा बोथट गोळी वापरावी लागते आणि तिचा वेग लवकर घटतो. सॅवेज या दुसऱ्या कंपनीच्या १८९९ च्या रायफलीने फिरते मॅगझिन देऊन टोकदार गोळीची वाट तेव्हाच मोकळी केली होती.

प्रतिसाद २
दोघांनीही छिद्रातून नेम धरण्याच्या सोयीचा विचार केलेला नाही. खाचेऐवजी डोळ्याजवळ छिद्र आले की त्याच्याकडे मुद्दाम पाहावे लागत नाही, कारण डोळा आपोआप मध्य साधतो. उरतात फक्त माशी आणि जनावर. उजेड कमी झाला की लहान छिद्राची चकती काढून मोठ्या छिद्रातून पाहता येते, आणि उतरता दस्ताही निरुपयोगी ठरत नाही.

प्रतिसाद १, पुन्हा
छिद्र मला मान्य आहे, पण त्याने उजेड वाढत नाही. ज्याला अगदी शेवटच्या उजेडात नेम धरायचा आहे, त्याने १९८० च्या दशकापासून निघालेली, काडतूस तिरपे कडेला फेकणारी विंचेस्टर घ्यावी आणि दुर्बीण तिच्यावर बसवावी; जुन्या रायफलीला त्यासाठी नवी भोके पाडू नयेत, एवढे मी मूळ लेखकाच्या बाजूने म्हणेन.