पिंग्री, बटाटे आणि ‘शहर धंदेवाल्याच्या हाती द्या’

वडाची_सावली:
काल इथे एकाने लिहिलं की शहर चालवायला धंदेवालाच पाहिजे, आणि दाखला दिला अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या हेझन पिंग्रीचा. बुटांचा कारखानदार, १८९० ते ९७ महापौर. वाचून डोकंच फिरलं. अहो, पिंग्री चांगला महापौर ठरला तो कारखानदार होता म्हणून नाही, आपल्याच गोतावळ्याशी वैर पत्करलं म्हणून! रिपब्लिकन पक्षाच्या बड्या मंडळींनी त्याला उभा केला, त्यांना वाटलं आपला माणूस. आणि याने १८९१च्या ट्राम संपात कामगारांवर सैनिक आणायला नकार दिला. १८९४ला शाळा मंडळाच्या सभेत स्वतः जाऊन उभा राहिला, म्हणाला, ज्यांनी लाच घेतलीय त्यांनी राजीनामे द्या नाहीतर अटक, आणि तिथल्या तिथे सभासदांना पोलिसांनी उचललं. हे धंद्यातून शिकतात होय?

हिशेबनीस७२:
तो धागा माझाच. हो, धंद्यातूनच शिकतात. ट्रामचं तिकीट ५ सेंट का, ३ सेंटात का नाही, हा प्रश्न ज्याला खर्च मांडता येतो तोच विचारतो. त्याने दुसरी कंपनी आणली आणि १८९५ला ३ सेंटात गाडी धावली. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी शहराचं स्वतःचं वीजकेंद्र काढलं तेही हिशेब कळत होता म्हणून. मी २२ वर्षं वर्कशॉप चालवलंय, एका दिवाळीला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून पगार केलेत पण तारीख चुकवली नाही. फायली सरकवणाऱ्याला ते कळणार नाही.

गिरणगावचा:
मग पुढचंही सांगा ना. ३ सेंटवाली कंपनी काही वर्षांत बाकीच्यांबरोबर एकाच मालकाच्या घशात गेली, ट्राम शहराच्या मालकीची व्हायला १९२२ उजाडलं. आणि तुमच्या पिंग्रीला गव्हर्नर झाल्यावर महापौरपदही सोडवेना, मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं तेव्हा सोडलं.

ट्रॉयची_मीरा:
तुम्ही सगळे मुख्य गोष्ट विसरलात, बटाटे! मी डेट्रॉइटच्या बाजूलाच राहते, ग्रँड सर्कस पार्कात त्याचा खुर्चीत बसलेला पुतळा आहे. १८९३च्या मंदीत कारखाने बंद, लोक उपाशी, तेव्हा याने पडीक प्लॉट मागून घेतले आणि बेकारांना बटाटे, घेवडा लावायला दिले. बियाण्याला पैसे कमी पडले तर स्वतःचा घोडा लिलावात काढला. पहिल्याच वर्षी ४३० एकर, ९४५ कुटुंबं. पेपरवाले खिदळत होते. आणि सुरुवात जूनमध्ये, म्हणजे उशीरच! मी इथे सामुदायिक बागेत वाफा घेतलाय, ही माती ओली असली की बुटाला वीट चिकटल्यासारखी चिकटते आणि वाळली की कुदळ उडते. पहिल्या वर्षी मेथी गेली, बटाटे आले ते लिंबाएवढे. त्या पोलिश, जर्मन लोकांनी त्यातून हिवाळ्याची बेगमी केली, हे मला तरी लहान वाटत नाही.

गिरणगावचा:
ताई, तुमची बाग हौस आहे. माझे आजोबा १९८२च्या गिरणी संपानंतर घरी बसले ते बसलेच. रोज सकाळी डबा नाही तरी सातच्या भोंग्याच्या वेळेला शर्ट घालून दारात उभे राहायचे. त्यांना कुणी वाफा दिला असता तर नकोच म्हणाले असते, त्यांना माग पाहिजे होता. बेकाराच्या हातात कुदळ देऊन कारखानदार मोकळा होतो.

ट्रॉयची_मीरा:
हौस?? माझी नोकरी गेली होती तेव्हा घेतला तो वाफा, आठ महिने भाजी तिथून आणलीय. न विचारता बोलू नका. आणि पिंग्री मोकळा झाला नव्हता, तरुणपणी अमेरिकेच्या यादवी युद्धात अँडरसनव्हिलच्या छावणीत कैदी होता, माणसं भुकेने मरताना बघितलेला माणूस होता तो.

गिरणगावचा:
हौस शब्द मागे घेतो. नोकरीचं माहीत नव्हतं. पण काम आणि कंद एक नव्हे, ते मी सोडणार नाही.

वडाची_सावली:
अँडरसनव्हिल, बघा! ते बुटाच्या कारखान्यात शिकवत नाहीत हिशेबनीस. बाकी मलाही एक कबूल करावं लागतंय, शेवटी गव्हर्नर असताना लष्करी गणवेशांच्या घोटाळ्यात अडकलेल्या आपल्याच दोन माणसांना त्याने माफी दिली. ते मला अजून पचत नाही.

हिशेबनीस७२:
माफीचं मलाही पचत नाही. आणि ठीक आहे, नुसता धंदेवाला पुरत नाही, तेवढं लिहून देतो. पण घोडा विकायला आधी घोडा कमावावा लागतो, ते तुम्ही लिहून द्या.

ट्रॉयची_मीरा:
घोडा त्याच्या किमतीपेक्षा बराच कमी पैशात गेला. तो तोटा सोसणं धंद्यातून कमावलं होतं का?