मदत हवी आहे : १ टीबीची डिस्क ९३१ जीबीच दाखवते, आणि दशावताराची फाईल पेनड्राइव्हवर चढत नाही

नमस्कार मंडळी,

मी वेंगुर्ले तालुक्यातला. आमच्या वाडीतले आम्ही काही जण जत्रांमधले दशावतारी प्रयोग रेकॉर्ड करून ठेवतो, नीट स्टँड लावून कॅमेऱ्यावर, गणपतीपासून ते पहाटेपर्यंत सगळं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि बाकी संवाद तिथल्या तिथे उभे राहतात, म्हणजे त्या रात्री राजा आणि राक्षस एकमेकांना जे बोलले ते परत तसंच्या तसं कोणी बोलणार नाही. त्यामुळे ही रेकॉर्डिंग गेली की गेलीच. जुने कलाकार थकत चाललेत, म्हणून यंदा मंडळाच्या वर्गणीतून १ टीबीची हार्ड डिस्क घेतली, सगळं एका जागी ठेवायला.

आता अडचण. डिस्क लॅपटॉपला लावली तर विंडोज ९३१ जीबी दाखवतंय, अजून एकही फाईल टाकलेली नाही. पैसे वर्गणीचे आहेत, बैठकीत हिशोब द्यावा लागतो, आणि उरलेले ६९ जीबी कुठे गेले हे वडीलधाऱ्यांना काय सांगू? दुकानदार म्हणतो असंच असतं, पण असंच म्हणजे का ते त्याला सांगता येत नाही.

दुसरं, एका कलाकाराच्या मुलाला त्याच्या वडिलांचा प्रयोग पेनड्राइव्हवर द्यायचाय. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, पूर्ण रिकामा, फाईल जेमतेम ६ जीबीची, तरी कॉपी करताना फाईल फार मोठी आहे असा मेसेज येतो. रिकाम्या घरात पाहुणा मावत नाही हे कसं काय?

आणि तिसरं म्हणजे कॅमेरा स्वतःच रेकॉर्डिंगचे तुकडे पाडतो, साधारण अर्ध्या तासाला नवी फाईल. हे बंद करता येतं का? आणि एका डिस्कवर किती रात्री मावतील हे आधी काढायचा काही हिशोब असतो का? कृपया सोप्या भाषेत सांगा, मला हे बैठकीत पुढे सांगायचंय.

प्रतिसाद

दुकानदारान तुका फसवूक नाय. डिस्क बरोबर आसा, विंडोज वेगळ्या मापान मोजता. परत करूक धावू नको. बाकीचा जाणकार सांगतीत.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. आधी एक करून बघा, डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे जीबीच्या शेजारीच बाइटमध्ये पूर्ण आकडा दिसेल, तो १ वर १२ शून्य म्हणजे एक लाख कोटीच्या आसपास असेल. तोच तुमचा १ टीबी. हाच स्क्रीन बैठकीत दाखवा, अर्धं काम तिथेच होईल.

आता का ते सांगतो. कॉम्प्युटरमध्ये शेवटी सगळं ० आणि १, एकेक म्हणजे बिट, असे ८ बिट म्हणजे १ बाइट. प्रत्येक बिट वाढला की शक्यता दुप्पट होतात, म्हणून ८ बिटांत २५६ वेगवेगळे आकडे लिहिता येतात, १० बिटांत १०२४. मेमरीतल्या जागांचे पत्ते बिटांतच लिहिलेले असतात, त्यामुळे तिथे हजारापेक्षा १०२४ सोयीचे पडले, आणि हजाराच्या जवळ म्हणून त्यालाच किलो म्हणायची पद्धत पडली. पण डिस्क बनवणारे किलो म्हणजे साधे १०००, गिगा म्हणजे १०० कोटी असंच धरतात. विंडोज मात्र १ जीबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट धरून भागाकार करतं. एक लाख कोटीला या आकड्याने भागा, ९३१ येतं. हरवलं काहीच नाही. ६० आंबे डझनाने मोजले तर ५ आणि दहाच्या हिशोबाने मोजले तर ६, आंबे तेवढेच.

फरक वरच्या मापाला वाढत जातो हेही सांगा. किलोला २.४ टक्के, मेगाला जवळपास ५, गिगाला ७.४, टेराला जवळपास १०. म्हणून पूर्वी लहान डिस्कवर कोणाला खटकत नव्हतं. हा घोळ मिटवायला १९९८ साली आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १०२४ वाल्या मापांना किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं दिली, पण विंडोज अजूनही गिबीबाइट मोजून पुढे जीबीच लिहितं. हीच डिस्क मॅकला लावली तर १ टीबी दिसेल, २००९ पासून मॅक हजाराच्या हिशोबाने दाखवतो.

प्रतिसाद

पेनड्राइव्हचं मी सांगते. तो फॅट३२ फॉरमॅटमध्ये असणार, म्हणजे ड्राइव्हवर फाईली मांडून त्यांची नोंद ठेवायची एक जुनी पद्धत, बाजारात ३२ जीबीपर्यंतचे बहुतेक तसेच येतात. त्या पद्धतीत प्रत्येक फाईलची साईझ लिहायला ३२ बिटांची जागा ठेवलेली आहे, ३२ म्हणजे ३२, एकही जास्त नाही. त्यात मोठ्यात मोठा आकडा मावतो ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५. म्हणजे ड्राइव्ह रिकामा असला तरी ४ जीबीच्या पुढची फाईल किती बाइटची हे लिहायलाच जागा नाही, म्हणून तो घेत नाही.

उपाय : पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, ही नंतरची पद्धत, हिला ४ जीबीची अडचण नाही. त्यावर जे असेल ते पुसलं जाईल, तेवढं बघा. आणि द्यायच्या आधी त्या मुलाला विचारा की प्रयोग टीव्हीवर बघणार का, कारण जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. तसं असेल तर फॅट३२ च राहू द्या आणि न जोडलेले तुकडे द्या.

कॅमेऱ्याचे तुकडेही ह्याच कारणाने पडतात. ३२ जीबीपर्यंतची कार्डंही फॅट३२ च असतात. तुमचा कॅमेरा कुठल्या सेटिंगला आहे ते सांगा, मिनिटांचा हिशोब काढून देते.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार! प्रॉपर्टीजमध्ये बघितलं, खरंच एक लाख कोटीच्या वरचा आकडा आहे, जीव भांड्यात पडला.

कॅमेरा फुल एचडीला आहे, १७ एमबीपीएस लिहिलंय. म्हणजे सेकंदाला १७ एमबी ना? मग तासाला ६१ जीबी झाले, डिस्क चार रात्रींतच भरेल?

अजून एक विचारायचं राहिलं, आम्ही पायपेटी आणि मृदंगाच्या जवळ वेगळा साउंड रेकॉर्डरही ठेवतो, वेव फाईलवर. त्याचेही पहाटेकडे दोन तुकडे होतात. त्यालाही तेच कारण का? त्यातलं कार्ड ६४ जीबीचं आहे पण.

प्रतिसाद

नाही नाही, एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, मेगाबाइट नाही. ८ ने भागा. १७ मेगाबिट म्हणजे सेकंदाला २.१२५ एमबी, मिनिटाला १२७.५ एमबी, तासाला ७.६५ जीबी. १ टीबीत १३० तास बसतात, चार-पाच तासांचा प्रयोग धरला तर पंचवीस-तीस रात्री. आणि ४२९ कोटी बाइटला २१ लाख २५ हजाराने भागा, २०२१ सेकंद येतात, म्हणजे साधारण ३४ मिनिटं. तुमचा अर्धा तास तो हाच. हा भागाकार कुठल्याही कॅमेऱ्याला चालतो, बिटरेट बघायचा, ८ ने भागायचा, पुढे सगळं शाळेतलं गणित.

वेवचं कारण वेगळं आहे पण भाऊबंदच. ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅट असतं, त्याची अडचण नाही. पण वेव फाईलच्या सुरुवातीला साईझ लिहायची जागाही ३२ बिटांचीच असते. समजा सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे तेवढ्या वेळा आवाज मोजला, प्रत्येकी २४ बिट म्हणजे ३ बाइट, डावा-उजवा मिळून दोन चॅनल, म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट. ह्या हिशोबाने ४ तास ८ मिनिटांनी फाईल भरते. सीडीच्या दर्जाला, ४४,१०० आणि १६ बिट ठेवलंत तर पावणेसात तास मिळतात, अख्खी रात्र एका फाईलमध्ये येईल. तरी मी म्हणेन २४ बिटच ठेवा. राक्षसाची आरोळी आणि मागच्या कोपऱ्यातली झांज दोन्ही सांभाळायची तर १६ बिटांत लेव्हल लावताना फार जपावं लागतं. तुकडे नंतर जोडता येतात.

प्रतिसाद

एक महत्त्वाचं, कोणी बोललं नाही म्हणून. अगदी स्वस्तात २ टीबीचे म्हणून विकले जाणारे पेनड्राइव्ह असतात ते खोटे, आतली चिप छोटी आणि विंडोजला मात्र मोठा आकडा सांगतात. फाईली गेल्यासारख्या वाटतात, नंतर उघडत नाहीत. तुमच्या डिस्कचा आकडा बरोबर दिसतोय तरी प्रयोग टाकायच्या आधी एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम चालवा, तो पूर्ण डिस्क भरतो आणि परत वाचून बघतो, बरेच तास लागतील. रिकामी आहे तोवरच करा.

आणि एवढ्या मेहनतीची गोष्ट एकाच डिस्कवर ठेवू नका हो, दुसरी घ्या. ती दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आपल्याकडची पावसाळ्यातली हवा तुम्हाला माहीत आहेच.

धागाकर्ता

दुसऱ्या डिस्कचा विषय रविवारच्या बैठकीत घेतोय, १३० तासांचा हिशोब वहीत मांडून नेतो. कॅमेऱ्यातले मूळ तुकडे तसेच ठेवायचे आणि मागेल त्याला जोडून द्यायचं असं ठरवलं. तुकडे जोडताना व्हिडिओ परत एन्कोड न होता जसाच्या तसा जोडला जाईल असा कुठला प्रोग्राम कोणी वापरत असेल तर सांगा, विंडोजवर चालणारा.

प्रतिसाद

लॉसलेसकट. फुकट आहे, मर्जचा पर्याय आहे त्यात, बाइट आहेत तसेच उचलून पुढे लावतो, त्यामुळे ६ जीबीची फाईल दोन-चार मिनिटांत होते. सगळे तुकडे एकाच कॅमेऱ्याचे आणि एकाच सेटिंगचे हवेत, एवढंच.