तुमच्या नावाखालचा 'नवीन मेंबर' कधी गेला? किस्से टाका

परवा भाच्याचा वैतागून फोन, मावशी मला उत्तर माहितीये, समोरच्याचं कुठे चुकतंय ते दिसतंय, पण कॉमेंटच टाकू देत नाही, म्हणतात आधी ५० पॉइंट आणा. स्टॅक ओव्हरफ्लोवर होता तो, म्हणजे प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर. मला जाम हसू आलं कारण हे मी भोगलंय. तर ज्यांनी फोरमवर असले रँक, लेव्हल, बिल्ले कमावलेत किंवा घालवलेत त्यांनी लिहा. सल्ले नकोत.

माझं आधी. २००७-०८ असेल, मोबाइलवाल्यांच्या एका बोर्डावर पडीक असायचे. नावाखाली 'ज्युनियर मेंबर' आणि शेजारी पोस्टचा आकडा, १०० झाले की 'सीनियर', आणि सीनियर झाल्याशिवाय खरेदी-विक्रीच्या भागात लिहिता यायचं नाही. मला माझा जुना हँडसेट विकायचा होता हो! तर एका रात्रीत 'मस्त', 'सहमत', 'धन्यवाद भाऊ' अशा चाळीसेक पोस्टी ठोकल्या आणि ९८ वर झोपले, म्हटलं उरलेल्या दोन सकाळी ऐटीत टाकू. सकाळी आकडा ५७. मॉडरेटरचा एका ओळीचा मेसेज, "ताई, घाई आहे का?"

---

भाच्याला सांगा की तिथे सगळ्यांची सुरुवात १ पॉइंटनेच होते. प्रश्न विचारायला आणि उत्तर द्यायला कुणाची आडकाठी नाही, स्वतःच्या प्रश्नाखाली कॉमेंटही चालते, दुसऱ्याच्या दारात बोलायला मात्र ५० लागतात. अपव्होट द्यायला १५, डाउनव्होटला १२५. आपल्या उत्तराला एक अपव्होट म्हणजे १०, विचारणाऱ्याने ते स्वीकारलं तर वर १५, म्हणजे दोन उत्तरं बरी लागली की काम झालं. मी शहाणपणा केला, कॉमेंट जमेना म्हणून उत्तराच्या चौकटीत लिहिलं, "तुमचं व्हर्जन कुठलं?" दोन डाउनव्होट आणि पोस्ट गायब. पॉइंट १ च्या खाली जात नाहीत म्हणून अब्रू राहिली. नंतर ५० झाले ते तारखेच्या फॉरमॅटवर दिलेल्या तीन ओळींच्या उत्तरावर, आणि रात्र जागून लिहिलेलं एक उत्तर अजून शून्यावर बसलंय, कधीतरी जाऊन बघून येतो त्याच्याकडे.

---

इंग्रजी विकिपीडियावर इतिहासाच्या एका पानात गडाचं नाव चुकलं होतं, दुरुस्त करायला गेलो तर पानाला कुलूप. अर्धसुरक्षित पान, खातं ४ दिवस जुनं आणि १० संपादनं हवीत. दहा संपादनं कुठून आणू म्हणून इकडेतिकडे स्वल्पविराम, स्पेलिंग करत बसलो आणि त्यातच गोडी लागली. गडाचं नाव पाचव्या दिवशी दुरुस्त केलं. पुढचं कुलूप ५०० संपादनं आणि ३० दिवसांचं, ते उघडलंय कधी हे माझ्या लक्षातही आलं नाही. आता बहुतेक वेळ मराठी विकिपीडियावर असतो, आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) खरडायचं आणि मग लेखात. तिथे प्रचालक (अ‍ॅडमिन) व्हायला नुसता आकडा पुरत नाही, कौल लावतात, लोक तुमची जुनी चर्चापानं उकरून काढतात. भांडकुदळ माणसाची हजारो संपादनं असली तरी पंचाईतच.

---

हे फोरम नाही पण चालेल का? आमचे बाबा एसटीतून रिटायर झाले आणि गूगल मॅप्सवर लोकल गाइड झाले. एका रिव्ह्यूचे १० पॉइंट, फोटोचे ५, आणि २५० ला लेव्हल चार की नावाला बिल्ला लागतो. हा माणूस जेवताना गप्प असतो पण कुठल्या स्टँडवर पाणी येतं, कुठल्या कँटीनचा वडा सकाळचाच असतो, सगळं आहे तिथे. मी म्हटलं बाबा, स्वच्छतागृहाचा फोटो कशाला टाकता! तर म्हणे, "अगं बाई, उतरलेल्या माणसाला पहिलं तेच लागतं." पॉइंटांवर चहासुद्धा मिळत नाही हे आईने त्यांना किमान पन्नास वेळा ऐकवलंय.

---

डिस्कोर्स नावाच्या फोरम-सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या एका बागकामाच्या फोरमवर आहे. त्याची पहिली पायरी आवडली मला, लिहिलं किती हे बघतच नाही, वाचलं किती ते बघतं. ५ विषय उघडा, ३० पोस्ट वाचा, १० मिनिटं घालवा, झालात शून्यावरून एकवर. तिसरी लेव्हल मात्र टिकवावी लागते, मागच्या १०० दिवसांतले निम्मे दिवस हजेरी. मी बाळंतपणाला माहेरी गेले आणि लेव्हल गेली. दुसऱ्यांच्या धाग्यांची शीर्षकं नीट करायचे ती सोय बंद, आता 'गुलाबला किड हेल्प' हे शीर्षक रोज डोळ्यांना टोचतंय, त्यातल्या ऱ्हस्व 'कि'सकट.

---

(धागाकर्ती) अहो कीड घ्या मनावर, शीर्षक नको :) भाच्याला वाचून दाखवलं सगळं. त्याचे ५० झाले काल रात्री. कॉमेंट टाकायला गेला तर त्या माणसाने स्वतःच सुटलं म्हणून लिहिलेलं, एप्रिलमध्येच.