मदत हवी आहे: फ्लेक्सोइलेक्ट्रिक गुणांकाच्या मर्यादेत नेमका कोणता स्थिरांक घ्यायचा?

नमस्कार मंडळी. मी मुंबईत, कलिन्याला एम.एस्सी. भौतिकशास्त्र करतेय. प्रोजेक्टचा विषय नेमॅटिक लिक्विड क्रिस्टलमधली (रेणू साधारण एकाच दिशेला रोखलेले असलेला द्रव) फ्लेक्सोइलेक्ट्रिसिटी, म्हणजे रेणूंची दिशा पसरली किंवा वाकली की निर्माण होणारं ध्रुवीकरण. मेयर यांनी १९६९ मध्ये ही कल्पना मांडली.

युक्तिवाद असा: वाकवायला जितकी ऊर्जा लागली, त्याहून जास्त विद्युत ऊर्जा मिळणार नाही. त्यामुळे फ्लेक्सोइलेक्ट्रिक गुणांकाचा (वाकण्याच्या प्रमाणात किती ध्रुवीकरण होतं ते सांगणारा आकडा) वर्ग हा परमिटिव्हिटी (पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याचं माप) गुणिले लवचिकतेचा स्थिरांक (वाकवायला किती जड जातं ते), याच्या आतच राहायला हवा. सापेक्ष परमिटिव्हिटी १० आणि लवचिकता १० पिकोन्यूटन धरली तर मर्यादा ३० पिकोकूलोम प्रति मीटरच्या आसपास येते. नेहमीच्या दांडीसारख्या रेणूंचे गुणांक या मर्यादेत बसतात. पण २००६ मध्ये वाकड्या रेणूंच्या नेमॅटिकमध्ये त्याच्या हजारपटीहून मोठा गुणांक मोजला गेला!

माझं घोडं अडलंय ते इथे. मर्यादेत लवचिकता कुठली घ्यायची: स्थिर विद्युत क्षेत्रात मोजलेली, की इलेक्ट्रोड उघडे (कशालाही न जोडलेले) ठेवून मोजलेली? दुसऱ्या बाबतीत त्यात गुणांकाचा वर्ग भागिले परमिटिव्हिटी इतकी भर पडते. हजारपट गुणांक धरला तर ही भर मूळ लवचिकतेच्या दहा लाखपट होते, जे पचत नाही. पहिली घेतली तर मर्यादाच उरत नाही असं मला वाटतं.

फ्रेडरिक्झ संक्रमणातून (ठरावीक क्षेत्र ओलांडलं की रेणूंची दिशा वळू लागते, त्यावरून लवचिकता काढतात) आपण यातली कुठली मोजतो? आणि नमुन्यातले आयन (विद्युतभारित कण) हे विद्युत क्षेत्र झाकून टाकत असतील तर? गाईड सर परगावी आहेत, तेव्हा कुणी यावर काम केलं असेल तर प्लीज सांगा. गणित चालेल.