मदत हवी आहे: नुसती क्लच प्लेट बदलू की फ्लायव्हीलही? (नाशिक, डिझेल सेडान)

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गाडी 2015 ची डिझेल सेडान आहे, 1 लाख 18 हजार किमी झालेत. क्लच गाडीबरोबर आला तोच. आईच्या उपचारांसाठी दर तीन आठवड्यांनी मुंबईला जावं लागतं आणि पुढची तारीख अकरा दिवसांवर आहे. म्हणून घाई आहे, पण घाईत चुकीचं काम करून घ्यायचं नाहीये.

गेल्या खेपेला परतताना कसारा घाटात ट्रक ओलांडायला चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, तर आरपीएमचा काटा 2000 वरून थेट 3000 वर आणि गाडी होती त्याच वेगात. पाय सैल केला की काटा खाली. तिसरा टाकून, डाव्या लेनने हळूहळू वर आले. घाटनदेवीपर्यंत गाडीत जळका वास भरला होता. मागे झोपलेली आई त्या वासानं उठली.

त्याआधी महिनाभर आणखी दोन गोष्टी जाणवत होत्या. नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून पहिल्या गिअरमध्ये सुटताना गाडी थरथरते. आणि न्यूट्रलला उभी असताना पत्र्याच्या डब्यात चार खडे हलवावेत तसा खुळखुळ आवाज येतो. क्लच पूर्ण दाबला की तो जवळजवळ थांबतो. इंजिन बंद करताना मात्र खालून ‘खाडकन’ झटका बसतो.

सर्व्हिस सेंटरनं न उघडताच क्लच सेट, फ्लायव्हील (इंजिनाची जड चकती, जिला क्लच प्लेट चिकटते), बेअरिंग सगळं मिळून 68 हजारांचं एस्टिमेट दिलं. आमचे नेहमीचे मेकॅनिक म्हणतात, 17 हजारांत प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट टाकतो, फ्लायव्हीलला लेथवर फेस मारून (तोंड घासून सपाट करून) घेऊ. दोघांच्या आकड्यांत एवढा फरक आहे की झोप लागत नाहीये. कुणाचं ऐकू?

सिन्नरवाला

ताई, आधी क्लच खरंच घसरतोय का ते घरीच बघा. सपाट जागा, समोर कुणी नको. हँडब्रेक घट्ट ओढा, चौथा गिअर टाका, 1500 आरपीएम धरून क्लच हळूहळू सोडा. क्लच धड असेल तर इंजिन लगेच बंद पडेल. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलं तर उरलीसुरली प्लेटही जळेल. आणि सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरायची सवय आहे का?

गोदाकाठ

आज सकाळी केलं. इंजिन बंद पडलं नाही, नुसतं घरघरत राहिलं. हाफ क्लचची सवय आहे, खरं सांगते. घाटात जाम लागला की ब्रेक न लावता क्लचवरच धरते.

जुना फिटर

वीस वर्षं अंबडला गिअरबॉक्सचंच काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

प्लेट गेलीये, त्यात शंका उरली नाही. प्रश्न फ्लायव्हीलचा आहे आणि तुम्ही सांगितलेली शेवटची दोन लक्षणं मला जास्त महत्त्वाची वाटतात. तुमच्या गाडीत ड्युअल मास फ्लायव्हील असणार, सर्व्हिस सेंटरकडून चासी नंबरवरून खात्री करून घ्या. ते म्हणजे एकावर एक दोन जड चकत्या आणि मध्ये ग्रीसमध्ये बसवलेल्या वाकड्या लांब स्प्रिंगा. डिझेल इंजिनाचे धक्के त्या स्प्रिंगा गिळतात, गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाहीत. स्प्रिंगा थकल्या की धक्के थेट गिअरपर्यंत पोचतात, तोच तुमचा खुळखुळ. क्लच दाबल्यावर गिअरबॉक्स सुटा होतो म्हणून आवाज थांबतो. आता, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलं तरी आवाज असाच, क्लच दाबला की थांबणारा असतो. पण इंजिन बंद करताना खाडकन झटका बेअरिंगमुळे बसत नाही. तो बहुतेक वेळा फ्लायव्हीलचाच.

तरीही गिअरबॉक्स खाली उतरेपर्यंत कुणीच छातीठोक सांगू नये. 68 हजारवाल्यांनीही नाही आणि 17 हजारवाल्यांनीही नाही. मेकॅनिकला सांगा, गिअरबॉक्स उतरवा आणि मला बोलवा, मी समोर उभी राहून बघणार. मग चार गोष्टी बघा. फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा आहेत का. वरची चकती हातानं डावी-उजवीकडे फिरवली तर स्प्रिंग लागायच्या आधी किती मोकळी फिरते. ती पुढे-मागे डुगडुगते का. आणि हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आत ग्रीस उडालंय का. मोकळं फिरणं किती चालेल याची मर्यादा प्रत्येक फ्लायव्हीलची वेगळी असते, ती कंपनीच्या माहितीपत्रकातून बघायची, अंदाजानं नाही.

लेथवर फेस मारायचा सल्ला साध्या, एकसंध फ्लायव्हीलला बरोबर आहे. ड्युअल मासला नाही. वरची चकती बुशवर फिरती असते, तोंड सरळ येत नाही आणि कीस आत स्प्रिंगांत जातो. बहुतेक उत्पादक याला मनाई करतात.

दिंडोरी रोड

माझ्या पिकअपला ड्युअल मास काढून सिंगल बसवलं, निम्म्या खर्चात झालं. दोन वर्षं झाली, द्राक्षांचे क्रेट भरून धावतेय. ताईंनीही तेच करावं.

जुना फिटर

दादा, मालवाहू गाडीला आवाज चालतो. इथे आई मागच्या सीटवर झोपून चार तासांचा प्रवास करते. सिंगल टाकलं तर आयडलला सगळी गाडी थरथरेल आणि तो मार गिअरबॉक्सची बेअरिंगं खातील. शिवाय त्याला स्प्रिंगवाली वेगळी प्लेट लागते. मी या गाडीला करणार नाही.

गोदाकाठ

शनिवारी गिअरबॉक्स उतरवला. मेकॅनिककाकांनी बाहेर बोलावून सगळं दाखवलं, त्यांचे आभार मानते, कारण त्यांनी स्वतःहून म्हटलं, “ताई, फेस मारायचं बोललो होतो ते राहू द्या.”

प्लेटचं अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेलं. फ्लायव्हीलच्या तोंडावर रुपयाएवढे सहा-सात निळे डाग, दोन ठिकाणी बारीक चिरा. चकती हातानं हलवली तर बऱ्यापैकी मोकळी फिरली आणि मग थडकली. हाउसिंगच्या भिंतीवर काळपट ग्रीसचा पट्टा उडालेला. आणि एक नवीनच निघालं, फ्लायव्हीलच्या मागे खालच्या बाजूला तेल ओघळलंय. काय करू?

जुना फिटर

तेल बोटावर घेऊन बघा. काळं, पातळ असेल तर इंजिनचं, म्हणजे क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गळतंय. पिवळसर आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअरबॉक्सचं, इनपुट शाफ्टचं सील.

गोदाकाठ

काळं आहे. वास नाही.

जुना फिटर

मग क्रँक सील आत्ताच बदलून घ्या. सील स्वस्त असतं, पण नंतर त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागला तर मजुरी दुसऱ्यांदा. तेच रिलीज बेअरिंगचं (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं), जुनं ठेवू नका. फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणून बसवलेले परत वापरत नाहीत, आणि टॉर्क रेंचनंच आवळायला लावा. प्लेट अलाइनमेंटच्या दांड्यानं मध्यात बसवा, गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटच्या हबवर लटकू देऊ नका. नवी प्लेट तिथेच वाकते. शाफ्टच्या स्प्लाइनवर (खाचांवर) ग्रीसचा पातळ हात पुरे, जास्त लावलं तर उडून अस्तरावर जातं.

गोदाकाठ

सगळं नवीन टाकलं, सीलसकट 51 हजार झाले. जुने पार्ट गोणीत घालून घरी आणलेत. खुळखुळ पूर्ण गेला, बंद करताना झटका नाही. काल त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन आले. एकच शंका आहे, क्लच आता बराच खाली, पेडल जेमतेम उचललं की धरतो. आधी पार वर धरायचा. हे ठीक आहे ना?

जुना फिटर

गिअर न करकरता पडतात का? रिव्हर्ससुद्धा?

गोदाकाठ

हो, लोण्यासारखे.

जुना फिटर

मग ठीक आहे. आधी वर धरायचा तो झिजल्यामुळे. रिव्हर्स करकरायला लागला तर मात्र क्लचच्या लाइनमध्ये हवा राहिलीये, ब्लीड करून (ती हवा काढून) घ्या. पहिले 500 किमी सांभाळून चालवा, जोरात सोडणं नको आणि घाटात जाम लागला तर हँडब्रेक लावून न्यूट्रल. आईंना घेऊन निवांत जा.