बेलफास्टचा लॅम्बेग ढोल, फ्लूट बँड आणि १२ जुलैची मिरवणूक: नेमकी माहिती हवी आहे

गिरगाव_ढोल
नमस्कार मंडळी. आमच्या पथकाच्या स्मरणिकेत यंदा परदेशातल्या मिरवणुकांच्या वाद्यांवर चार पानं द्यायची आहेत. त्यातलं एक पान उत्तर आयर्लंडच्या प्रॉटेस्टंट मिरवणुकांसाठी राखलं आहे. व्हिडिओ पाहिले, पण एकात छातीवर अजस्र ढोल बांधून दोन वेतांनी वाजवणारा माणूस आहे, तर दुसऱ्यात गणवेशातल्या तरुणांचा बासऱ्यांचा ताफा. दोन्हीखाली मथळा एकच, ‘ऑरेंज परेड’. मला हे हवं आहे: तो ढोल कसा बांधतात आणि आपल्या ढोलापेक्षा वेगळा कशात? बासऱ्याच का? १२ जुलैलाच का? आणि रस्त्याची परवानगी तिथे कशी मिळते? ढोबळ माहिती मिळाली आहे, तपशील हवा.

पान_आणि_दोरी
आधी गोंधळ सोडवू. लॅम्बेग ढोल, म्हणजे छातीवरचा तो अजस्र ढोल, आणि फ्लूट बँड, म्हणजे बासऱ्यांचा ताफा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आज त्या क्वचितच एकत्र चालतात. लॅम्बेगचा जोडीदार फाइफ, म्हणजे सहा भोकांची छोटी आडवी बासरी. एक फाइफ, एक-दोन लॅम्बेग, एवढाच संच. हा ढोल घेऊन भरभर चालता येत नाही आणि त्याच्या आवाजाखाली फ्लूटचा ताफा ऐकूही येत नाही. म्हणून बेलफास्टच्या मोठ्या मिरवणुकीतून तो मागे पडला आणि आर्मा, अँट्रिम, डाउन या परगण्यांच्या ग्रामीण भागात टिकला. लॅम्बेग हे लिस्बर्नजवळचं गाव, त्यावरून नाव.

आता बांधणी. खोड ओक लाकडाचं, पातळ फळी वाकवून केलेलं. व्यास साधारण ३ फूट, खोली साधारण २ फूट, वजन ३५ ते ४० पौंड, म्हणजे १६ ते १८ किलो. दोन्ही पानं बकरीच्या कातड्याची. बोकडाचं कातडं जाड, म्हणून मादीचं निवडतात. इथे पहिला फरक लक्षात घ्या: आपल्या ढोलाला एक बाजू टिपरूची आणि एक थापीची, दोन्हींचा आवाज मुद्दाम वेगळा. लॅम्बेगची दोन्ही पानं एकाच सुरात जुळलेली हवीत. ढोल छातीसमोर, पानं डावी-उजवीकडे, आणि दोन्ही हातांत वेताच्या लवचिक काड्या. मनगट सैल सोडून वाजवतात. मनगट किंवा बोटांची पेरं कड्यावर घासली की रक्त येतं, आणि जुन्या वादकांच्या ढोलांवर ते डाग अभिमानानं राहू दिले जात.

पान चढवण्याची रीत आपल्या चामडी ढोलासारखीच. कातडं भिजवायचं, आतल्या कड्याभोवती गुंडाळायचं, सावलीत हळू सुकवायचं, मग बाहेरचं कडं बसवून दोरी ओढायची. ३ फुटांच्या पानासाठी कातडं ४० इंचांच्या पुढे लागतं, कारण कड्याभोवती दुमडायला सगळीकडून २-३ इंच जातात. लहान चणीच्या बकरीतून एवढं गोल निघतच नाही. घाईनं उन्हात सुकवलं तर कडेला ताण जास्त, मध्ये कमी, आणि मग सूर कधीच जुळत नाही.

वाजवण्याआधी ढोल ‘ओढतात’: दोरीवरच्या चामडी पट्ट्या थोड्या थोड्या सरकवत, समोरासमोरच्या जोड्या घेत, पान वाजवून पाहत. वाजवून झालं की ताण उतरवतात. तसाच ताणलेला ठेवला तर एखाद्या कोरड्या रात्री पान फाटतं, नाहीतर खोड वाकतं.

स्पर्धा आवाजाची असते असं समजू नका. परीक्षक सूर ऐकतात: पान घंटेसारखं निनादतं का, दोन्ही बाजू एक बोलतात का. वादक मैदानात संथपणे फिरत असतात आणि परीक्षक कान देऊन निवड करत जातात.

गिरगाव_ढोल
फारच उपयोगी. दोन उपप्रश्न. आवाज १२० डेसिबल लिहिलेला दिसतो, तो खरा धरायचा का? आणि असा एक ढोल नमुन्यादाखल इथे बांधायचा म्हटलं तर श्रावण-भाद्रपदात टिकेल का?

पान_आणि_दोरी
१२० च्या आसपासचा आकडा जवळून मोजलेला असतो, वादकाच्या कानाशी. स्मरणिकेत लिहाल तर अंतर सांगितल्याशिवाय आकडा देऊ नका. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात. १ मीटरवर १२० असेल तर १० मीटरवर १००. खेतवाडीसारख्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या चाळींच्या भिंती आवाज परत फेकतात, तिथे एवढी घट होत नाही. १०० डेसिबलला कानांची सुरक्षित मर्यादा सुमारे १५ मिनिटं मानतात, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ती निम्मी होते. तुमच्या ताशावाल्यांना हे सांगाच. ताशा थेट कानाखाली असतो आणि कानात बोळे घालायची लाज वाटण्याचं काहीच कारण नाही.

टिकण्याचं म्हणाल तर चामडं पाणी ओढतं आणि सैल पडतं. आयर्लंडही ओला देश, पण थंड. मुंबईच्या ऑगस्टमध्ये सकाळी जुळवलेला सूर दुपारी उतरेल, तुम्ही पुन्हा ओढाल, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात तेच पान तडकेल. पथकं फायबरच्या पानांकडे वळली ती याचमुळे. नमुना करायचाच तर डिसेंबर-जानेवारीत पान चढवा आणि ढोल जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर ठेवा.

जुनी_पानं
तारखेचं आणि संघटनेचं मी सांगतो, कारण तिथे हमखास चूक होते.

बॉइनची लढाई झाली १ जुलै १६९० ला, जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे. ऑरेंजचा प्रॉटेस्टंट राजपुत्र विल्यम, म्हणजे तिसरा विल्यम, विरुद्ध कॅथलिक राजा दुसरा जेम्स; जिंकला विल्यम. १२ जुलै ही मुळात त्याच युद्धातल्या, विल्यमच्याच पक्षाने जिंकलेल्या ऑक्रिमच्या लढाईची तारीख, जुनं पंचांग, साल १६९१. ब्रिटनने १७५२ मध्ये नवीन पंचांग घेतलं तेव्हा ११ दिवसांचा फरक पडला आणि १ जुलैचं १२ जुलै झालं. काटेकोर हिशेबाने सतराव्या शतकातला फरक १० दिवसांचा, म्हणजे बॉइनची नवी तारीख ११ जुलै येते. पण लोकांनी १२ धरली आणि दोन्ही विजयांची आठवण एका दिवशी आली. तिथीचा घोळ आपल्याला नवा नाही; शिवजयंतीचा वाद आठवा.

या मिरवणुका काढणारी प्रॉटेस्टंट संघटना, ऑरेंज ऑर्डर, मात्र लढाईनंतर शंभरेक वर्षांनी निघाली. सप्टेंबर १७९५ मध्ये आर्मा परगण्यात लॉघगॉलजवळ ‘डायमंड’ नावाच्या चौकात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक गटांची चकमक झाली, त्यानंतर ती स्थापन झाली आणि १२ जुलै १७९६ ला पहिल्या मिरवणुका निघाल्या. रचना फ्रीमेसन या बंदिस्त बंधुसंघाकडून उचललेली: गावपातळीवर लॉज, म्हणजे शाखा, त्यावर जिल्हा, मग परगणा, वर ग्रँड लॉज. प्रत्येक लॉजला क्रमांक. बॅनरवर आणि गळ्यातल्या पट्ट्यावर ‘एल. ओ. एल.’ आणि आकडा दिसतो, तो म्हणजे ‘लॉयल ऑरेंज लॉज’ क्रमांक अमुक. मेसन लॉज मुंबईलाही अपरिचित नाही. ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज इथे १८४३ मध्ये निघालं, फोर्टात फ्रीमेसन्स हॉल आजही उभा आहे. पण मेसन दाराआड भेटतात. ऑरेंजवाल्यांनी तीच रचना रस्त्यावर आणली, हा मोठा फरक.

आणखी दोन संघटना नीट वेगळ्या दाखवा. रॉयल ब्लॅक, १७९७ ची, मोठी मिरवणूक ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी. आणि डेरीची अप्रेंटिस बॉइज. डिसेंबर १६८८ मध्ये तेरा शिकाऊ मुलांनी शहराचे दरवाजे लावून घेतले, पुढे १६८९ मध्ये १०५ दिवसांचा वेढा सोसला, त्याची आठवण. डिसेंबरात ते शहर शत्रूला द्यायला निघालेल्या सुभेदार लंडीचा पुतळा जाळतात.

कॅथलिक बाजूलाही एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स आहे: तसेच बॅनर, तसेच पट्टे, रंग हिरवा, आणि एके काळी तोच लॅम्बेग ढोल. हे वाक्य लेखात जरूर घ्या. वाद्याला धर्म नसतो, वाजवणाऱ्याला असतो.

आडवी_बासरी
बासऱ्याच का, याचं उत्तर पैसा आणि वेळ. सैन्यात आणि १७७८ नंतरच्या स्वयंसेवक पलटणींत फाइफ आणि ड्रम होतेच. पुढे बँडांनी बी-फ्लॅटची साध्या बांधणीची फ्लूट घेतली: सहा भोकं, एक किंवा पाच चाव्या. पितळी वाद्याच्या मानाने स्वस्त, हलकी, आणि स्वरलिपी न शिकता कानावरून चाल बसवता येते. कामगार वस्तीतला पोरगा एका हिवाळ्यात मिरवणुकीपुरता तयार होतो.

सगळे फ्लूट बँड सारखे नाहीत. ‘ब्लड अँड थंडर’ म्हणतात ते एकच चाल सगळे मिळून, जोरात वाजवतात; त्यांचा प्राण बास ड्रम. मेलडी बँड जास्त नेटके. त्यापुढचे स्वरमेळाचे फ्लूट बँड, वेगवेगळ्या आकाराच्या फ्लूट घेऊन चार-चार भागांत वाजवणारे. ही जुनी आणि कठीण परंपरा, आणि दुर्दैवाने व्हिडिओत सगळ्यात कमी दिसणारी. शिवाय अकॉर्डियन, पाइप आणि सिल्व्हर बँड. उत्तर आयर्लंडमध्ये मिळून ६०० च्या वर बँड आहेत.

बिघडतं कुठे? वाऱ्यात. आडव्या फ्लूटमध्ये फुंकर भोकाच्या कडेवर फुटली तरच सूर येतो, आणि समोरचा किंवा तिरका वारा ती फुंकर उडवून नेतो. म्हणून वीस-तीस फ्लूट एकाच चालीवर. चार-पाच बंद पडल्या तरी चाल तुटत नाही. दुसरं, लांब रांगेत मागच्यांना ठोका उशिरा ऐकू येतो. ३४ मीटरला एक दशांश सेकंद. बास ड्रम मधोमध असेल तर हे निम्म्यावर येतं. तुमच्या पथकात टोल किंवा मुख्य ताशा टोकाला उभा करता का? मग मागची ओळ का ओढते हे कळेल.

आणि बँड म्हणजे ऑर्डर नव्हे. लॉज १२ जुलैसाठी बँडला मानधन देऊन बोलावतं. बँडातले कितीतरी जण लॉजचे सदस्यही नसतात, त्यांच्या स्वतःच्या स्पर्धा आणि संध्याकाळच्या मिरवणुका उन्हाळाभर चालतात. गिरगावातलं मंडळ आणि त्याने बोलावलेलं पथक, तेच नातं.

मोर्चा_आणि_मार्ग
परवानगीबद्दल. तिथला कायदा १९९८ चा. मिरवणुकीची सूचना २८ दिवस आधी पोलिसांकडे, ‘११/१’ क्रमांकाच्या अर्जावर. विरोधात उभं राहायचं असेल तर १४ दिवस आधी. वादग्रस्त मार्ग परेड्स कमिशनकडे, म्हणजे मिरवणुकांसाठीच्या आयोगाकडे, जातो. कमिशन मिरवणूक बंद करू शकत नाही. मार्ग, वेळ आणि संगीत यांवर अटी घालतं. ‘या चौकापासून त्या चौकापर्यंत फक्त एका ड्रमचा ठोका’, किंवा ‘चर्चसमोर फक्त स्तोत्र’. २०१२ मध्ये बेलफास्टच्या डोनेगल स्ट्रीटवर सेंट पॅट्रिक्स या कॅथलिक चर्चसमोर एक बँड गोल फिरत वाजवत राहिला, त्यावरून मोठं वादळ झालं. पोर्टाडाउनच्या ड्रमक्री चर्चहून कॅथलिक वस्तीतल्या गार्वाही रोडने परतणारी मिरवणूक १९९८ पासून त्या रस्त्याने जाऊ दिलेली नाही.

याआधी सरसकट बंदीचे प्रयोगही झाले. १८४९ मध्ये डॉलीज ब्रे इथे मिरवणुकीवरून रक्तपात झाला, १८५० ला मिरवणूकबंदीचा कायदा आला. बॅलीकिलबेगच्या विल्यम जॉन्स्टनने १२ जुलै १८६७ ला न्यूटाउनार्ड्सहून बँगरला मिरवणूक नेली, तुरुंगात गेला, आणि बाहेर येऊन १८६८ ला पार्लमेंटवर निवडून आला. १८७२ मध्ये कायदाच रद्द झाला. बंदीने मिरवणूक मोठी होते, हे तिथे स्पष्ट दिसतं. माझ्या मते कमिशनची पद्धत जास्त शहाणी, कारण ती पूर्ण रस्त्याऐवजी दोनशे पावलांबद्दल बोलते.

मुंबईचा धागा हवा असेल तर मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) ही प्रॉटेस्टंट संघटना घ्या. पंजाबात सनदी नोकरी सोडून आलेला फ्रेडरिक टकर, ज्याने पुढे फकीरसिंग नाव घेतलं, १९ सप्टेंबर १८८२ ला तीन साथीदारांसह इथे उतरला. वाद्यं वाजवत रस्त्यावरून जाण्याला पोलिसांनी मनाई केली, इतर धर्मीयांच्या वस्तीत दंगा होईल या भीतीने. मंडळींना अटका झाल्या, टकरला महिनाभराचा तुरुंग झाला. केशवचंद्र सेनांसारखा ब्राह्मो नेता त्याच्या बाजूने बोलला. मुक्तिफौजेचा ऑरेंज ऑर्डरशी संबंध नाही, पण प्रॉटेस्टंट बँडने मुंबईचा रस्ता मागण्याची ही खरी घटना तुमच्या वाचकाला जवळची वाटेल.

गिरगाव_ढोल
मुक्तिफौजेची चौकट नक्की टाकतो. शेवटचं: बॅनरचे फोटो आहेत, त्याखाली काय लिहू?

जुनी_पानं
पांढऱ्या घोड्यावर नदी ओलांडणारा तो विल्यम, नदी बॉइन. गळ्यातल्या व्ही आकाराच्या पट्ट्याला ‘सॅश’ लिहू नका, तो कॉलरेट. सॅश खांद्यावरून तिरकी असे आणि आता कमी दिसते. बॅनर रेशमी, रंगवलेलं, दोन काठ्यांवर. काठ्यांचं बूड खांद्यावरून घेतलेल्या चामडी पट्ट्याच्या खोबणीत बसतं, आणि पुढे-मागे दोऱ्या धरणारे वेगळे. फोटोत दोऱ्या धरलेली लहान मुलं दिसतील, त्यांना कापू नका. वारा भरला की बॅनर शिडासारखं फुगतं, आणि त्या दोऱ्या वेळेवर ओढल्या नाहीत तर काठीवाला मागे पडतो आणि रेशीम शिवणीवर फाटतं.