१६ फुटी फायबर बोट: डेक दबतो, ट्रान्समला चिरा आहेत, दुरुस्तीची सुरुवात कोठून करावी?

कुंडलिका_काठ

नमस्कार. आम्ही दोघा भावांनी मिळून एक वापरलेली १६ फुटी फायबर बोट घेतली असून तिला ६० हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. रेवदंड्याच्या खाडीत घरच्या मंडळींना घेऊन फिरणे आणि अधूनमधून गरी टाकणे एवढाच तिचा उपयोग आहे. घेताना ती देखणी दिसली. मात्र वापरू लागल्यावर काही गोष्टी खटकू लागल्या. चालकाच्या आसनामागे डेकवर पाय ठेवला की तो किंचित दबतो. ट्रान्समवर, म्हणजे इंजिन टांगलेल्या मागच्या उभ्या फळीवर, इंजिनाच्या वरच्या बोल्टांपासून कोपऱ्यांकडे केसाएवढ्या बारीक चिरा गेल्या आहेत. बोट ट्रेलरवर चढवून ड्रेन प्लग (आतले पाणी काढण्याचे बूच) काढला की आधी स्वच्छ पाणी वाहून जाते आणि त्यानंतर बराच वेळ तपकिरी पाणी थेंब थेंब येत राहते. नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, दिवा कधी लागतो, कधी लागत नाही.

फायबरचे काम करणारे एक मिस्त्री बोट पाहून गेले. चिरांमध्ये पुट्टी भरून वरून फायबरच्या मॅटचे दोन थर मारावेत, डेकवर प्लायचा आणखी एक तुकडा बसवावा आणि पावसाळ्यात बोट वर ओढलेली असताना हे सारे उरकून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे आहे. खर्च आवाक्यातला आहे, तरीही मनाला पटत नाही. बोट बांधणाऱ्या कारखान्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मधल्या मालकांनी तिच्यात काय काय फेरफार केले असतील ते सांगता येणार नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना_तांडेल

पुट्टीचा उपाय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या वर्णनात सर्वात महत्त्वाची खबर त्या तपकिरी पाण्यात आहे. फायबर, रेझिन किंवा फोम पाण्याला असा रंग देत नाहीत. तो कुजत चाललेल्या लाकडाचा असतो. बहुतेक लहान बोटींच्या ट्रान्सममध्ये फायबरच्या दोन थरांच्या मध्ये साधारण दीड इंच जाडीचा प्लाय असतो, आणि डेकखाली लांबीच्या दिशेने जाणारे स्ट्रिंगरही पुष्कळदा लाकडावर फायबर चढवूनच केलेले असतात. वरचे आवरण अखंड असेल तोवर हे लाकूड वर्षानुवर्षे टिकते. हेळसांड होते ती आवरणाला भोके पाडताना. ड्रेन प्लगसाठी भोक पाडायचे, त्यात पितळी नळी ठोकायची, कडेने सिलिकॉनचे बोट फिरवायचे आणि प्लायची कापलेली कड तशीच कोरडी सोडून द्यायची, हा प्रकार महागड्या बोटींतही आढळतो. ते भोक बोटीतल्या सर्वात सखल जागी असते आणि तेथून प्लाय दिव्याच्या वातीसारखे पाणी वर ओढत राहतो. इंजिनाचे बोल्ट, शिडीचे स्क्रू, मासे शोधण्याच्या यंत्राच्या सेन्सरचे स्क्रू ही पाण्याची पुढची दारे.

खात्री करून घेण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर अंगाचा भार द्यावा आणि भावाला ट्रान्समच्या वरच्या कडेकडे पाहत राहण्यास सांगावे. कड हलताना दिसली किंवा चिरा उघडमीट करताना दिसल्या, तर आतला प्लाय भार पेलत नाही हे नक्की. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने संपूर्ण ट्रान्सम बोटाबोटाच्या अंतरावर ठोकत जावे. शाबूत जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. शेवटी आतल्या बाजूने, ड्रेन प्लगपासून वीतभर वर आणि बोल्टांच्या खाली, ६ मिलिमीटरचे ड्रिल बाहेरच्या थराला न लागेल एवढेच आत घालावे आणि बाहेर येणारा भुसा चिमटीत धरून पाहावा. फिकट, कोरडा भुसा आला तर भोक एपॉक्सीने बुजवून टाकावे. काळा, ओला आणि आंबूस वासाचा लगदा आला तर ट्रान्सम उघडण्याला पर्याय नाही.

चिरांविषयीही थोडे सांगतो, कारण प्रत्येक चीर घाबरण्याजोगी नसते. जेलकोट हा फायबरवरचा सर्वात बाहेरचा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा, कडक आणि ठिसूळ थर असतो. एका बिंदूपासून ताऱ्यासारख्या फुटलेल्या चिरा बहुधा काहीतरी आदळल्याने पडतात आणि वरवरच्या असू शकतात. एकमेकींना समांतर, कोपऱ्याकडे जाणाऱ्या चिरा मात्र खालचा भाग वाकत असल्याचे सांगतात. आपल्या चिरा दुसऱ्या जातीच्या दिसतात. त्या नुसत्या भरल्या तर ट्रान्सम वाकणे थांबत नाही आणि मोसम संपायच्या आत त्या पुन्हा त्याच जागी दिसू लागतात. शंभर-सव्वाशे किलोचे इंजिन त्या फळीवर टांगलेले असते आणि लाटेवर आपटताना हा भार कित्येक पटींनी वाढतो, हे लक्षात असू द्यावे.

रेझिनवाला_रत्नागिरी

तांडेलकाकांच्या निदानाशी मी सहमत आहे. मी साहित्याच्या बाजूने लिहितो, कारण चांगल्या निदानानंतरही काम बिघडते ते येथेच.

ट्रान्सम शक्यतो आतून उघडावा, म्हणजे बाहेरचा आकार आणि रंग शाबूत राहतो. आतला फायबरचा थर कडेने दोन-तीन इंचांची पट्टी ठेवून कापून काढावा आणि कुजका प्लाय पूर्ण खरवडावा. “एवढा भाग बरा दिसतो” म्हणून ओला तुकडा मागे ठेवू नये. बाहेरचे कवच या वेळी लवचीक झालेले असते, म्हणून त्याला बाहेरून सरळ फळीचा टेकू देणे आवश्यक आहे, नाहीतर नवा ट्रान्सम कायमचा पोट काढून बसेल. नवीन प्लाय आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लाय असावा. मात्र हा शिक्का स्वयंपाकघराच्या ओट्याखाली जाणाऱ्या मालावरही सर्रास असतो, तेव्हा कापलेल्या कडेवर आतल्या थरांत पोकळ्या दिसतात का ते स्वतः पाहावे आणि एक तुकडा घरी काही तास पाण्यात उकळून थर सुटतात का तेही तपासावे. १८ किंवा १९ मिलिमीटरच्या दोन पाट्या एकमेकींना चिकटवून पूर्ण जाडी करावी.

नवी कारखान्यातली बोट पॉलिएस्टर रेझिनने बांधलेली असते, कारण तेथे एक थर ओला असतानाच दुसरा चढतो. वाळून कडक झालेल्या जुन्या फायबरवर आणि लाकडावर पॉलिएस्टरची पकड त्या मानाने कमकुवत असते. म्हणून दुरुस्तीला, निदान ट्रान्समच्या कामाला, महाग पडले तरी एपॉक्सीच वापरावे असा माझा आग्रह आहे. पण मग मॅटही बदलावी लागते. बाजारात मिळणाऱ्या साध्या चॉप्ड स्ट्रँड मॅटमधील तंतू ज्या चिकटवणाऱ्या पुडीने धरलेले असतात ती पॉलिएस्टरमधल्या स्टायरिन या द्रावकात विरघळते. एपॉक्सीत स्टायरिन नसल्यामुळे अशी मॅट ताठच राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. त्याऐवजी दोन दिशांना तंतू असलेले, शिवलेले बायअ‍ॅक्सियल कापड घ्यावे. जुन्या फायबरला नवा थर जेथे जोडला जातो तेथे जाडीच्या बारापट रुंदीचा उतार घासून घ्यावा, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीला ६० मिलिमीटर. मिस्त्री हा उतार बहुधा टाळतात, कारण घासण्याची धूळ अंगाला खाजवते आणि या मेहनतीचे पैसे कोणी देत नाही. एपॉक्सीवर पुन्हा पॉलिएस्टरचा जेलकोट चढवू नये, तो नीट धरत नाही; दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग लावावा.

ज्यांना तरीही पॉलिएस्टरनेच काम करायचे आहे त्यांच्यासाठी एक इशारा. आपल्याकडे फायबरच्या दुकानात रेझिन, कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आणि एमईकेपी हा हार्डनर अशा तीन बाटल्या सुट्या मिळतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे आणि मगच हार्डनर घालावा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळल्यास भडका उडतो, प्रसंगी स्फोटही होतो. हार्डनरचे प्रमाण वजनाच्या १ ते २ टक्के ठेवावे आणि “लवकर सुकावे” म्हणून ते वाढवू नये.

पावसाळ्यात काम उरकण्याचा बेत रद्द करावा. जून ते सप्टेंबर या काळात कोकणातली हवा एवढी दमट असते की उघडलेले लाकूड आणि फायबर वाळतच नाही, आणि ओलीवर चढवलेला थर पुढे सुटतो. पावसाळ्यात बोट छपराखाली ठेवून फक्त तोडफोड आणि वाळवण करावी. रेझिनला हात दिवाळीनंतरच लावावा.

खाडीपलीकडे

सर्वांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. डेक दबतो आणि ट्रान्सम ओला आहे, याचा अर्थ स्ट्रिंगरही गेले असण्याची दाट शक्यता आहे, आणि मग प्रश्न एका फळीचा न राहता अख्ख्या बोटीचा होतो. खर्चात उडी घेण्यापूर्वी बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्यावी, नंतर रिकाम्या ट्रेलरचे आणि इंजिनाचे वजन वजा करावे आणि उरलेला आकडा त्या मॉडेलच्या मूळ वजनाशी ताडून पाहावा. डेकखाली ओतलेला फोम पाणी पीत नाही अशी समजूत आहे, पण वर्षानुवर्षे पाण्यात बसलेला पॉलियुरेथेन फोम पाणी धरतो आणि डेक बंद असल्याने ते उडून जात नाही. एक घनफूट पाणी २८ किलोंचे असते. असे पाच-सहा घनफूट भिजले तर आपण दोन जादा माणसे कायमची बसवून फिरत आहात, तीही बहुधा मागच्या बाजूला.

वजन फार वाढलेले निघाले तर इंजिन आणि ट्रेलर ठेवून कवच भंगारात काढणे शहाणपणाचे ठरेल. बोटीत इंजिनाची किंमतच मोठी असते.

कुंडलिका_काठ

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. ट्रान्समची खालची अर्धी बाजू भद्द वाजते आणि ड्रेन प्लगच्या वरच्या भोकातून काळा लगदा निघाला. बोल्टांच्या खालच्या भोकातला भुसा ओलसर, पण फिकट होता. पितळी नळी हाताने ओढताच निघून आली आणि तिची कड गुलाबी पडून ठिसूळ झाली होती. वजन मूळ आकड्यापेक्षा सुमारे ९० किलोंनी जास्त भरले. आसनामागचा डेक कापून पाहिला तेव्हा तेथील फोम मागच्या भागात ओला आणि पुढे कोरडा निघाला. स्ट्रिंगर ठोकून पाहिले असता मागची दोन-अडीच फूट लांबी सोडून बाकी टणक वाजतात. एवढ्यावर बोट वाचवावी असे आम्हा दोघांनाही वाटते. ओला फोम काढल्यावर ती जागा रिकामी ठेवली तर चालेल का? आणि विजेचे काम याच वेळी करून घ्यावे का?

जुना_तांडेल

या स्थितीत बोट वाचवण्याजोगी आहे. गुलाबी पडलेली नळी म्हणजे पितळेतले जस्त खाऱ्या पाण्यात निघून जाऊन मागे तांब्याचा भुसभुशीत सांगाडा उरला आहे; पाण्याखाली पुन्हा साधे पितळ बसवू नये, ब्रॉन्झ घ्यावे. नवे भोक पाडताना ते आधी हवे त्यापेक्षा अर्धा इंच मोठे पाडावे, जाड केलेल्या एपॉक्सीने भरून घ्यावे आणि कडक झाल्यावर त्या भरावाच्या मधोमध योग्य मापाचे भोक पाडावे. म्हणजे पाणी शिरले तरी त्याला लाकूड सापडत नाही. हीच पद्धत इंजिनाच्या बोल्टांना आणि डेकवरच्या प्रत्येक स्क्रूला लावावी, आणि सिलिकॉन घरच्या बाथरूमसाठी ठेवून येथे पॉलीसल्फाइड किंवा मरीन पॉलियुरेथेन सीलंट वापरावा. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्यावेत. दुकानदार चुंबक लावून दाखवील, पण ३०४ आणि ३१६ या दोन्ही प्रती चुंबकाला जवळजवळ सारखाच प्रतिसाद देतात, तेव्हा त्या परीक्षेला अर्थ नाही.

फोमची जागा रिकामी ठेवू नये. तो नुसता भराव नाही. बोट पाण्याने भरली तरी माणसांना धरून राहता यावे यासाठी तो असतो. अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान आणि २ हॉर्सपॉवरहून मोठे आउटबोर्ड असलेल्या बोटींना, भरल्यावरही आडव्या पातळीत तरंगतील एवढा उत्प्लावक भराव कायद्याने सक्तीचा आहे. थर्मोकोल मात्र घालू नये, पेट्रोल सांडले की तो विरघळतो. बंद पेशींचा फोम घ्यावा, तळाशी पाणी मागे वाहून येण्यासाठी वाट मोकळी ठेवावी आणि स्ट्रिंगरमधून ही वाट काढताना कापलेल्या कडा एपॉक्सीने बंद कराव्यात. मूळ बांधणीत त्या उघड्या होत्या म्हणूनच मागची दोन-अडीच फूट लांबी गेली असावी.

विजेचे काम आताच करावे, कारण डेक उघडा आहे. नाळेवरच्या दिव्याची वायर कापून पाहिलीत तर आतले तांबे हिरवे-काळे पडून कळकलेले दिसेल. घरगुती वायर, पिळून मारलेला जोड आणि वरून काळी टेप हा प्रकार खाऱ्या हवेत एक-दोन मोसमांपलीकडे जात नाही. कथिलाचा मुलामा असलेली मरीन वायर घ्यावी, तापवल्यावर आवळणाऱ्या, आतून गोंद असलेल्या हीट श्रिंक नळीचे, दाबून बसवायचे क्रिंप जोड वापरावेत, आणि मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत बसवावा, म्हणजे पुढची वायर कोठे घासून शॉर्ट झाल्यास फ्यूज उडेल. बिल्ज पंपावर, म्हणजे तळाशी साचलेले पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपावर, छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. ताशी ५०० गॅलनचा पंप कागदावर मिनिटाला सुमारे ३२ लिटर पाणी फेकतो, प्रत्यक्षात नळीची चढण आणि बॅटरीचा दाब यांमुळे त्याहून बरेच कमी. उलट पाण्याखाली एक फुटावरच्या एक इंची भोकातून मिनिटाला ४० लिटरांहून अधिक पाणी आत येते. विसरलेला ड्रेन प्लग तो पंप भरून काढू शकत नाही. ताशी १००० गॅलनच्या वरचा पंप आणि त्याला स्वयंचलित फ्लोट स्विच घ्यावा.

पेट्रोलची नळीही बदलून टाकावी. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या रबराला ते मऊ पाडते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, म्हणून बोट महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये. पाणी वेगळे करणारा फिल्टर नसेल तर तो बसवावा.

एक शेवटची गोष्ट, जी कापायला घेण्यापूर्वीच करावी. इंजिन उतरवण्याआधी ट्रान्समची मधली उंची आणि मागे झुकण्याचा कोन मोजून कागदावर लिहून ठेवावा आणि पुठ्ठ्यावर बाह्यरेषा उतरवून घ्यावी. लाँग शाफ्ट इंजिनाला ही उंची साधारण २० इंच लागते. प्रोपेलरच्या वरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याहून जेमतेम इंचभर वर यायला हवी. नवा ट्रान्सम इंच-दीड इंचाने उंच झाला तर वळणावर प्रोपेलर हवा खाईल.

कुंडलिका_काठ

मापे घेऊन पुठ्ठा कापून ठेवला आहे. उंची २० इंच भरली. ऑगस्टपर्यंत तोडफोड आणि वाळवण, आणि दिवाळीनंतर एपॉक्सी असे ठरवले आहे. रत्नागिरीच्या सदस्यांना एक विनंती: बायअ‍ॅक्सियल कापड किती ग्रॅमचे घ्यावे आणि ट्रान्समच्या आतल्या कोपऱ्यांत त्याचे किती थर द्यावेत?

रेझिनवाला_रत्नागिरी

चौरस मीटरला ६०० ग्रॅमचे घ्यावे. त्याहून जाड कापड नवख्या हाताला नीट भिजवता येत नाही. कोपऱ्यात आधी जाड केलेल्या एपॉक्सीची गोलाई द्यावी, कारण काटकोनात कापड बसत नाही आणि मागे हवा राहते. त्यावर तीन थर द्यावेत, प्रत्येक पुढचा थर आधीच्यापेक्षा दीड-दोन इंचांनी अधिक रुंद ठेवावा, आणि ते एकाच दिवशी, खालचा थर अजून चिकट असतानाच चढवावेत.